फ्रीज एकच, मग बुरशी एका चीजवर येते आणि दुसऱ्यावर का नाही?

चोर्लाघाट | सोमवार, रात्री ८:५०

नमस्कार मंडळी. टिळकवाडीत माझं सँडविच-पिझ्झाचं लहानसं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक कॉलेजची पोरं. नवीन काहीतरी करून बघू म्हणून गोव्याहून येताना तऱ्हेतऱ्हेचं चीज घेऊन आलो. जुलैतलं बेळगाव तुम्हाला सांगायला नको, घरातल्या भिंतीसुद्धा ओल्या लागतात. आज दुकानचा फ्रीज पुसायला काढला तेव्हा हा प्रकार दिसला.

स्लाइसचं पाकीट कधीचं उघडलेलं, पण एकेका स्लाइसचं वेष्टण तसंच. डाग नाही, काही नाही. किसलेलं मोझरेला क्लिप लावून ठेवलं होतं, त्यावर पांढरे-हिरवे ठिपके. चेडरच्या ठोकळ्याला एका कडेला रुपयाएवढा निळसर हिरवा डाग. पनीरवर बुरशी अजिबात नाही, पण ते बुळबुळीत झालंय आणि आंबूस वास मारतंय. आणि ब्लू चीजचा तुकडा, त्यात तर विकत घेतानाच बुरशी होती.

आई म्हणते सगळं फेकून दे. दुकानात कामाला असलेला पोरगा म्हणतो डाग कापू आणि बाकीचं वापरू. ठेवू की फेकू हा प्रश्न आहेच, पण मला खरं कोडं वेगळंच पडलंय. पाचही दुधाचेच पदार्थ, फ्रीज एक, हवा एक. मग पाचांची पाच तऱ्हा का?

कुंदा_की_मांडे | रात्री ९:०२

पैसे देऊन आणलेली बुरशी जपून ठेवायची आणि फुकट आलेली फेकायची. अस्सल बेळगावकर आहेस की रे.

काळी_माती | रात्री ९:१५

स्लाइसवर बुरशी येत नाही कारण ते चीज नाहीच, प्लॅस्टिक आहे. आमच्या निपाणीच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय. काडी लावली तर वितळत नाही, काळं पडतं. खाली लिंक देतो.

संपादक | रात्री ९:२०

लिंक काढली आहे. चर्चा चालू द्या.

विरजण | रात्री १०:१०

काळी_माती, काडीपेटी जरा बाजूला ठेवा, स्लाइसकडे येतोच. मी काही वर्षं एका चीज कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो, आता खानापुरात असतो. चोर्लाघाट यांचं कोडं चांगलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बुरशीचे बीजाणू हवेत, हातावर, सुरीवर, फ्रीजच्या रबरात, सगळीकडे असतात. तुमच्या पाचही चीजांवर ते पडलेलेच आहेत असं धरून चला. त्यातलं उगवणार कुठे हे ठरतं मोकळं पाणी किती, हवा किती, मीठ नि आंबटपणा किती आणि तिथे आधी कोण येऊन बसलंय यावर.

पनीरपासून सुरू करू, कारण उलटं वाटावं असं तिथेच घडतं. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे पनीरमध्ये ६० टक्क्यांपर्यंत पाणी चालतं, चेडरमध्ये ३९ च्या वर चालत नाही. मग बुरशी आधी पनीरवर यायला हवी. पण नुसतं पाणी किती हे महत्त्वाचं नसतं, त्यातलं जंतूंच्या हाती लागेल असं मोकळं पाणी किती हे महत्त्वाचं. त्याचं माप म्हणजे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याची १, पनीरची त्याच्या अगदी जवळ, चेडरची ०.९५ च्या आसपास, जुन्या पार्मेसानची (कडक इटालियन चीज) त्याहून कमी. अन्न नासवणारे बहुतेक जीवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत, आणि तिथवर येईपर्यंतच त्यांचा दम संपत आलेला असतो. बुरश्या ०.८० पर्यंत सहज तग धरतात.

म्हणजे ओल्या पदार्थावर जीवाणू आणि बुरशी दोघांनाही जागा असते, पण जीवाणू कितीतरी पट वेगाने वाढतात. खानापूरच्या सकाळच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे असतात ना, तसे ते. बुरशी दारातून चढेपर्यंत पनीर बुळबुळीत होऊन जातं. त्यात पनीरला मीठ नाही, आणि दह्यासारखं विरजणही नाही की जे बाकीच्यांना अडवेल. बुरशी दिसत नाही म्हणून पनीर चांगलं, असं समजू नका. ते आधीच गेलेलं आहे.

चेडर कोरडं, खारट, आंबट. तिथे जीवाणूंची दाणादाण उडते आणि बुरशीला मैदान मोकळं मिळतं. पण तेही फक्त वरच्या वर. ठोकळा दाबून घट्ट केलेला असतो, आत हवा नसते, आणि बुरशीला प्राणवायू लागतोच. म्हणून डाग कडेला आला.

किसलेल्या मोझरेलाचं दुखणं म्हणजे पृष्ठभाग. ठोकळ्याला सहा बाजू, किसाला हजारो. प्रत्येक तुकड्याच्या भोवती हवा. त्यात दुकानात ते पाकीट दिवसातून कितीदा बाहेर येतं, आत जातं. थंड किसाला बाहेरची दमट हवा लागली की बारीक दव धरतं. पाण्याचा तेवढा पातळ थर बुरशीला पुरतो.

एक प्रश्न. चेडर आणि ब्लू चीज एकाच डब्यात ठेवलं होतं का?

चोर्लाघाट | रात्री १०:२५

हो, शेजारी-शेजारी. फ्रीज लहान आहे ओ.

विरजण | रात्री १०:३१

मग चेडरवर आलेला पाहुणा बहुधा शेजारच्या घरातलाच आहे. सूक्ष्मदर्शी मॅडम जाग्या असतील तर त्यांनी सांगावं, हा त्यांचा प्रांत.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ६:४०

जाग्या नव्हत्या, आता चहा घेऊन बसल्यात.

ब्लू चीजमधली बुरशी पेनिसिलियम रॉकफोर्टाय. चेडरसारख्या चीजवर आपोआप येते ती पुष्कळदा पेनिसिलियम कम्यून असते, पण रॉकफोर्टायसुद्धा येते. नुसत्या डोळ्यांनी दोघींतला फरक ओळखता येणार नाही, तेव्हा "शेजारची दिसते, म्हणजे खायला चालेल" असा अर्थ कृपया काढू नका.

रॉकफोर्टायची खासियत अशी की तिला थोडक्या हवेत भागवता येतं. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो, ही ५ टक्क्यांतसुद्धा वाढते, आणि कार्बन डायऑक्साइड साचलेला असला तरी तक्रार करत नाही. दुसऱ्या बुरश्या चीजच्या आत गुदमरतात, ही आतल्या फटींतून वाढते. तरीही तिला थोडी हवा हवीच. म्हणून ब्लू चीज करताना दही, म्हणजे गोठवलेलं दूध, दाबून घट्ट करत नाहीत, मोकळं ठेवतात, आणि नंतर लांब सुयांनी आरपार भोकं पाडतात. कापलेल्या तुकड्यात निळ्या सरळ रेघा दिसतात ना, तो त्या सुयांचा मार्ग. पाहिजे तर तुमच्या तुकड्यात बघा.

आणखी एक गंमत. बुरशीचे धागे पांढरेच असतात, निळा-हिरवा रंग असतो तो बीजाणूंचा. २०२४ साली नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी तो रंग कोणत्या टप्प्यांनी तयार होतो ते शोधलं आणि टप्पे अडवून पांढरी, लालसर तपकिरी, गुलाबी अशी रॉकफोर्टाय तयार केली. म्हणजे डाग निळा दिसतो तेव्हा बुरशी नुकती आलेली नसते. तिची पांढरी वाढ आधी होऊन गेलेली असते आणि आता ती बीजाणू उधळायच्या बेतात असते. डाग हुंगून बघू नका हे त्याचसाठी सांगतात.

मुरघासवाला | सकाळी ७:१५

मॅडम, मी चिकोडी तालुक्यातला, घरी गायी हायत. तुमचं वाचून एक आठवलं. आमच्या मक्याच्या मुरघासात, म्हणजे खड्ड्यात दाबून आंबवलेल्या चाऱ्यात, कधीकधी निळे-हिरवे गोळे निघतात, मुठीएवढे. आत फोडलं तरी निळंच. बाकीचा मुरघास चांगला पिवळा. ही पण तीच व्हय?

सूक्ष्मदर्शी | सकाळी ७:३०

दादा, बरोबर ओळखलंत. बहुतेक वेळा तीच. मुरघासात हवा कमी, आंबटपणा भरपूर, कार्बन डायऑक्साइड साचलेला. बाकीच्या बुरश्यांना नकोसं झालेलं घर हिला आवडतं. खड्डा नीट दाबला नसेल, वरचा कागद फाटला असेल किंवा रोज काढायचा थर फार पातळ असेल, तर हवा आत शिरते आणि असे गोळे धरतात.

पण जात एक असली तरी घराणी वेगळी आहेत. जनुकं तपासून बघितल्यावर चीजमधल्या रॉकफोर्टायच्या टोळ्या एकीकडे आणि मुरघास, लाकूड, नासलेलं अन्न यांच्यातल्या दुसरीकडे अशा निघाल्या. चीजवाल्यांनी पिढ्यानपिढ्या चवीची निवडली, मुरघासातली रानटी राहिली. रॉकफोर्टीन सी आणि पीआर टॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं ही बुरशी बनवू शकते. चीजमध्ये पीआर टॉक्सिन टिकत नाही, त्याचं रूपांतर होतं, आणि रॉकफोर्टीन अगदी थोडं सापडतं. मुरघासात तशी खात्री देता येत नाही. गोळा आणि त्याच्या आजूबाजूचा मुरघास काढून टाका, गायीला घालू नका.

डबलरोटी | सकाळी ११:०५

कॅम्पात आमची जुनी बेकरी आहे, त्यामुळे बुरशी आमची कायमची वैरीण. रॉकफोर्ट हे फ्रान्समधलं ब्लू चीज करणाऱ्यांबद्दल ऐकून होतो की ते बुरशी पावावर वाढवतात. खरंय का? आमच्याकडे पाव हिरवा झाला तर आजोबा कामगारांवर ओरडायचे.

तिसरं_गेट | दुपारी ३:२०

मूळचा बेळगावचा, सध्या मुक्काम फ्रान्स. खरं आहे. राय धान्याचा मोठा पाव भाजून तळघरात ठेवायचे, तो आतून निळा झाला की वाळवून त्याची पूड करून दह्यात मिसळायचे. आता बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेत वाढवलेले बीजाणू वापरतात. रॉकफोर्ट-सुर-सुलझों गावाला लागून कोंबालू नावाचा डोंगर आहे, तो जुन्या काळी खचलेला. दगडांच्या भेगांतून थंड दमट हवा सतत गुहांमध्ये येत असते. लाकोन जातीच्या मेंढीचं दूध, निदान ९० दिवस मुरवणं, आणि त्यातला सुरुवातीचा काळ त्या गुहांत. १९२५ पासून या नावाला तिथे कायद्याचं संरक्षण आहे.

आपल्याकडे धनगरांचे कळप निपाणी-चिकोडीकडून फिरतात, मेंढीच्या दुधाचं कोणी काही करत नाही, हे इथे बसून राहून राहून मनात येतं. असो.

कामांबेरबद्दल, म्हणजे पांढऱ्या सालीच्या मऊ फ्रेंच चीजबद्दल, कोणी बोललंच नाही. ती पांढरी बुरशी वेगळी, पेनिसिलियम कामांबेर्टी. ती वरच्या सालीवरच राहते, आत शिरत नाही, पण काम आतपर्यंत करते. वरचं लॅक्टिक आम्ल खाते, प्रथिनं फोडून अमोनिया सोडते, त्यामुळे कडेचा आंबटपणा उतरत जातो आणि चीज बाहेरून आत असं मऊ होत जातं. अर्धवट पिकलेलं कापलं तर मधे खडूसारखा पांढरा गाभा आणि कडेला साय, असं स्पष्ट दिसतं. फार पिकलं की डबा उघडल्याबरोबर अमोनियाचा भपका. इथले लोक दुकानात डब्याचं झाकण काढून अंगठ्याने दाबून बघतात. भाजीवाली ओरडेल असं दाबतात.

आणि हिची एक शोकांतिका आहे. सगळे कारखाने एकाच पांढऱ्याशुभ्र वाणाची नक्कल वापरत आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कामांबेर निळसर करडंसुद्धा असायचं, मग गिऱ्हाइकाला पांढरंच हवं झालं. आता त्या वाणाची बीजाणू धरायची ताकदच कमी झालीय. २०२४ च्या सुरुवातीला सीएनआरएस या सरकारी संशोधन संस्थेने याबद्दल लिहिलं आणि इथल्या वर्तमानपत्रांत कामांबेर नामशेष होणार अशी ओरड झाली. नामशेष वगैरे नाही, पण अडचण खरी आहे.

गोधडी | संध्याकाळी ५:४५

तिसरं_गेट बाळा, छान लिहिलंस. मी शहापूरची, शाळेतून निवृत्त. दोन शंका.

एक. मागे नातवासाठी चीज स्प्रेडचा डबा आणला होता. उघडून थोडे दिवस झाल्यावर त्याला चक्क रॉकेलचा वास यायला लागला. दुकानदाराने माझ्यावरच ढकललं, म्हणाला स्टोव्हजवळ ठेवला असेल. आमच्या घरात स्टोव्ह नाही ओ किती वर्षं.

दोन. आम्ही शाकाहारी. हिरवा ठिपका बघून चीज घेतो. ते दूध गोठवायला काय वापरतात?

विरजण | संध्याकाळी ६:३०

ताई, रॉकेलचा वास ही तक्रार आमच्याकडे कारखान्यातही यायची, आणि तिच्यामागे बुरशीच असते. प्रोसेस्ड चीजमध्ये बुरशी येऊ नये म्हणून सॉर्बिक आम्ल किंवा त्याचे क्षार घालतात, पाकिटावर आयएनएस २०० किंवा २०२ असं लिहिलेलं असतं. बहुतेक बुरश्या त्याने थांबतात. पण काही पेनिसिलियम, त्यात आपली रॉकफोर्टायही आली, सॉर्बिक आम्लच मोडून टाकतात आणि त्यातून पेंटाडाइन नावाचा हायड्रोकार्बन तयार होतो. वास थेट रॉकेलचा. ज्याने बुरशी मारायची त्याचाच तिने वास केला. डाग दिसायच्या आधीही हा वास येऊ शकतो. तुमचं नाक बरोबर होतं, डबा फेकायचाच होता.

दुसरं ऐकून दचकू नका. पूर्वी वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, वापरत, पण भारतात बनणारं बहुतेक चीज सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या विकराने (एन्झाइमने) गोठवतात. त्यातलं मोठं नाव म्हणजे रायझोम्युकोर मिहाय, आणि ती बुरशी आहे. विकर काढून शुद्ध करून घेतात, बुरशी चीजमध्ये येत नाही. पण हिरव्या ठिपक्याच्या साध्या चेडरमागेही एक बुरशी उभी असते हे खरं.

कुंदा_की_मांडे | संध्याकाळी ६:४१

म्हणजे चोर्लाघाटच्या फ्रीजमध्ये बुरशीशिवायचं फक्त पनीर, आणि तेच नासलं.

विरजण | संध्याकाळी ७:१५

आता स्लाइस. प्रोसेस्ड चीज म्हणजे चेडरसारखं चीज घेऊन, सायट्रेट-फॉस्फेटचे क्षार घालून, साधारण ७५ ते ८५ अंशांवर ढवळत वितळवलेलं. त्या उष्णतेत आधीच्या बुरश्या आणि त्यांचे बीजाणू बहुतेक सगळे मरतात. गरम असतानाच ते पातळ कागदात बंद होतं, कागद चीजला चिकटलेला, मधे हवाच नाही. वर सॉर्बिक आम्ल. बी नाही, हवा नाही, वर औषध. मग बुरशी येणार कशी? हेच चीज डब्यातलं असेल, तर उघडून सुरी घातल्यावर काही दिवसांनी कडेला हिरवं धरतंच. काडी लावल्यावर काळं पडतं, कारण त्यात प्रथिनं आहेत आणि प्रथिनं करपतात. दुधाची खरवड जाळून बघा, तीही करपेल.

काळी_माती | संध्याकाळी ७:५०

बोलणं पटतंय, पण बघितल्याशिवाय मी मानत नाही. एक स्लाइस उघडी बशीत ठेवतो. आठवड्याने कळवतो.

डबलरोटी | रात्री ८:१०

विरजण, आम्ही पावात कॅल्शियम प्रोपिओनेट घालतो, आयएनएस २८२. कोणीतरी म्हणालं होतं ते चीजमधूनच आलंय.

विरजण | रात्री ८:२५

चीजमधून काढत नाहीत, पण चीजमध्ये ते आपोआप बनतं. स्वित्झर्लंडचं एमेंटाल, मोठ्या भोकांचं. त्यात प्रोपिओनी जीवाणू लॅक्टिक आम्लापासून प्रोपिओनिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड करतात. वायूने भोकं पडतात, आम्लाने गोडसर चव येते. तुमच्या पावातल्या औषधाचं आम्ल तिथे घरचंच असतं.

गोधडी | रात्री ८:४०

शेजारची सून गरोदर आहे, तिला पुण्याहून कोणी ते पांढऱ्या सालीचं चीज आणून दिलंय. खाऊ दे का?

सूक्ष्मदर्शी | रात्री ८:५५

नको. तिथे भीती बुरशीची नाही, लिस्टेरिया नावाच्या जीवाणूची आहे. तिसरं_गेट यांनी लिहिलं तसं पांढरी बुरशी वरचा आंबटपणा खाऊन टाकते, आणि आंबटपणा गेला की लिस्टेरियाला वाट मोकळी. तो फ्रीजच्या थंडीतही वाढतो. गरोदरपणी पांढऱ्या सालीची मऊ चीजं आणि ब्लू चीज टाळतात ते याचसाठी. चांगलं वाफ येईपर्यंत शिजवलेलं चालतं, पण डॉक्टरीणबाईंना विचारू द्या. कडक चेडर किंवा स्लाइस खायला हरकत नसते.

आणि नेहमीचा प्रश्न कोणी विचारायच्या आत सांगते. पेनिसिलियम नाव आहे म्हणून या चीजमधून पेनिसिलीनचं औषध मिळतं, असं नाही. औषधाची बुरशी त्याच कुळातली, पण वेगळी.

चोर्लाघाट | रात्री ९:३०

इतकं कळलं की आता चेडर कापताना भीती वाटेल. तर ठरवा, कापू की फेकू?

विरजण | रात्री ९:५५

कडक ठोकळा असेल तर डागाच्या चारी बाजूंनी आणि खाली किमान एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर, कापून काढायचं. सुरी डागातून न्यायची नाही, नाहीतर बीजाणू तुम्हीच आत पेरता. मग नवीन कागदात गुंडाळायचं, जुन्या नाही. हे घरासाठी. दुकानात गिऱ्हाइकाला देणार असाल तर ठोकळाच फेका. चारशे-पाचशेच्या चीजसाठी दुकानाचं नाव घालवू नका.

किसलेलं, स्लाइस केलेलं, मऊ, स्प्रेड, पनीर यांवर डाग दिसला की सगळं टाकायचं. मऊ चीजमध्ये धागे कुठवर गेलेत ते दिसत नाही, आणि बरोबर जीवाणूही आलेले असतात. ब्लू चीजवर नेहमीचा निळा सोडून गुलाबी, काळा, पिवळट किंवा केसाळ पांढरा थर आला तर तेही टाका.

पुढच्यासाठी एवढं करा. ब्लू चीज वेगळ्या झाकणाच्या डब्यात, दुसऱ्या कप्प्यात. चेडर बटर पेपरमध्ये गुंडाळून मग डब्यात. प्लॅस्टिकची फिल्म थेट ताणून लावली तर घाम धरतो. मोझरेला ठोकळ्यानं घेऊन लागेल तेवढंच रोज किसा. किसलेलंच हवं असेल तर लहान पाकिटं करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि एका वेळी एकच काढा. आणि फ्रीजच्या दाराचं रबर बोटाने उलटून बघा. पावसाळ्यात तिथे काळी रेघ नसेल तर मला कळवा, बघायला येतो.

चोर्लाघाट | रात्री १०:०५

बघितलं. यायची गरज नाही ओ.

गोव्याहून आणलेल्या एका गोल चीजच्या सालीवर 'आयएनएस २३५' लिहिलंय. ते काय?

विरजण | रात्री १०:१२

नाटामायसिन. मातीतल्या एका जीवाणूपासून मिळणारं बुरशीनाशक. फक्त कडक चीजच्या वरच्या पृष्ठभागाला लावायची परवानगी आहे, ते आत फारसं शिरत नाही. जीवाणूंना काही करत नाही, म्हणून चीज आतून मुरत राहतं. त्या चीजची साल काढून खा.

मुरघासवाला | बुधवार, सकाळी ६:५०

मॅडम, मुरघासाचे गोळे काढले. पण आमच्याकडं शेंगपेंडीला पण पावसात बुरशी धरते. ती वाळवून घातली तर चालते म्हणतात सगळे. दूध उकळल्यावर काय राहतंय का त्यात?

सूक्ष्मदर्शी | सकाळी ७:२०

दादा, या धाग्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला प्रश्न हा. चीजवरची बुरशी निदान दिसते, ही दिसत नाही.

शेंगपेंड, सरकी पेंड, मका यांवर अ‍ॅस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन बनवते. वाळवल्याने बुरशी थांबेल, विष जात नाही. गायीने ते खाल्लं की त्याचा काही भाग अफ्लाटॉक्सिन एम१ होऊन दुधात उतरतो. उकळून, पाश्चराइझ करून तो जात नाही. आपल्याकडे दुधात त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. आणि चीजच्या बाबतीत वाईट गोष्ट ही की एम१ दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाला चिकटतो. दह्याचं पाणी निघून जातं, केसीन राहतं, म्हणून त्या दुधाच्या चीजमध्ये तो दुधाहून कितीतरी पट दाट होतो. चीज वरून स्वच्छ, एक डाग नाही, आणि आत हे.

बुरशीची पेंड वाळवून घालू नका, चांगल्या पेंडीत मिसळूनही नको. पोती ओल्या फरशीवर न ठेवता फळीवर ठेवा, भिंतीपासून सुटी.

मुरघासवाला | सकाळी ७:३५

फळ्या आजच टाकतो. पेंडीचं नुकसान मोठं हाय, पण बघू.

काळी_माती | पुढचा बुधवार, रात्री ९:००

अहवाल. उघडी स्लाइस बशीत ठेवली. कडा वर वळल्या, कडक झाली, पारदर्शक पिवळी दिसते. बुरशी शून्य. आता बोला, प्लॅस्टिक की नाही?

विरजण | रात्री ९:१५

वाळली ओ ती. पंख्याखाली ठेवली असणार. पाणीच उडालं तर बुरशी कशावर येणार? दुसरी स्लाइस घ्या, कागद काढा, शेजारी ओला कापूस ठेवा आणि वर वाडगं पालथं घाला. सॉर्बिक आम्ल आहे म्हणून वेळ लागेल, धीर धरा.

चोर्लाघाट | रात्री ९:४०

माझ्याकडचं सांगतो. पनीर, मोझरेला टाकलं. चेडर कापून घरी नेलं, दुकानात नाही. रबर सोड्याच्या पाण्याने घासलं. ब्लू चीज एका पिझ्झावर घालून बघितलं, एका पोराला आवडलं, बाकीच्यांनी नाकं दाबली. त्या वासाला काही उपाय?

तिसरं_गेट | रात्री ९:५०

वास हीच त्याची चव आहे. बुरशी दुधातली चरबी फोडते, त्यातून मिथाइल कीटोन तयार होतात, तो वास त्यांचा. मध आणि अक्रोड घालून दे, निम्मी पोरं खातील. लसणाबरोबर नको.

गोधडी | रात्री १०:००

चोर्लाघाट, टाकलेलं चीज कुठे टाकलंस? आमच्या गल्लीत लोक असलं काही दाराबाहेरच्या कुत्र्यांपुढे ठेवतात. त्यांना पचतं म्हणे.

सूक्ष्मदर्शी | रात्री १०:१०

नाही पचत, ताई. बुरशी आलेल्या चीजमधल्या पेनिट्रेम आणि रॉकफोर्टीन या विषांमुळे कुत्र्यांना कंप सुटतो, झटके येतात. पशुवैद्यकांना हे चांगलं माहीत असतं. ब्लू चीजसुद्धा कुत्र्याला घालायचं नसतं.

चोर्लाघाट | रात्री १०:१४

अरे देवा. मोझरेलाची पिशवी मागच्या दाराशी ठेवलीय, गाडी सकाळी येते. तिथे एक तांबडा रोज झोपतो. आत घेऊन येतो.